केस चालू आहे, पण नळावर बोलणं कधी सुरू होणार?



काही दिवसांपूर्वी आमच्या कार्यक्रमात एका ताईंचा फोन आला. नाव-गाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांच्या गल्लीत आणि पलीकडच्या गल्लीत भांडण झालं होतं. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या, वकील लागले, तारखा पडू लागल्या. ताई म्हणाल्या, "ते सगळं घरातली पुरुष माणसं बघताहेत. मला एवढंच सांगा, पाणी आलं की तिच्याच शेजारी हंडा लावायचा असतो. तोंड फिरवून मी किती दिवस उभी राहू?"

या प्रश्नाला कोर्टाकडे उत्तर नसतं. कोर्ट विचारतं, कायदा कुठे मोडला, कोणी मोडला, शिक्षा काय. हे विचारायलाच हवं. पण ज्याचं नुकसान झालं त्याला काय वाटलं, ज्याने केलं त्याला ते कळलं का, आणि उद्यापासून दोघांनी एका गल्लीत कसं राहायचं, हे प्रश्न कोर्टाच्या कागदात बसत नाहीत. ते प्रश्न घेऊन बसण्याची एक रीत जगात बऱ्याच ठिकाणी वापरतात. पुस्तकात तिला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. आम्ही बाया तिला सरळ 'गोल बैठक' म्हणतो. आज तिच्याबद्दल बोलू.

खानदेशाने काय पाहिलं

आधी आपल्याच दारात पाहू. १९७० च्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली. तिची चौकशी मादन आयोगाने केली. आजही जुन्या जळगावातल्या आजीबाईंजवळ बसलं तर त्या दिवसांचा विषय निघतो आणि आवाज आपोआप खाली जातो. धुळ्यात २००८ च्या ऑक्टोबरात दंगल झाली. पुढे ६ जानेवारी २०१३ ला पुन्हा झाली. त्या वेळी सुरुवात झाली ती खाण्याच्या गाडीवरच्या थोडक्या बिलावरून. बघता बघता दोन जमाव समोरासमोर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा तरुण मुलं गेली. घरं, दुकानं जळाली. बिल किती रुपयांचं होतं ते आता कोणाला आठवतही नसेल. त्या सहा घरांतल्या आयांना मात्र तो रविवार विसरता येत नाही.

आणि १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून तेव्हा सगळीकडे फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

या घटना एकसारख्या नाहीत. २०१३ मध्ये शेजारी शेजाऱ्यांसमोर उभे राहिले. राईनपाड्याला परक्याला कोणी ओळखलंच नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. वेळ आली तेव्हा 'थांबा, मी याला ओळखते' असं म्हणणारं माणूस जमावात एक तर नव्हतं, किंवा होतं पण त्याचा आवाज चालला नाही. गोल बैठकीचा मोठा उपयोग इथेच आहे. भांडण झाल्यावर ती जखम भरायला मदत करते आणि भांडण होण्याआधी ओळख तयार करते.

ही रीत आली कुठून

न्यूझीलंड नावाच्या देशात माओरी लोक राहतात. ते तिथले मूळचे रहिवासी. त्यांच्याकडे एखाद्या मुलाने गुन्हा केला तर तो एकट्या मुलाचा धरत नाहीत. घरचे, नातलग, ज्याचं नुकसान झालं तो, सगळे बसून काय करायचं ते ठरवतात. १९८९ मध्ये त्या देशाने मुलांसाठी नवा कायदा केला आणि कुटुंबाची ही बैठक कायद्यातच आणली.

कॅनडातली गोष्ट त्याआधीची, १९७४ ची. एल्मायरा नावाच्या लहान गावात दोन तरुणांनी एका रात्री दारूच्या नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली. खिडक्या फोडल्या, गाड्यांची चाकं फाडली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की यांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात पाठवून पाहू. न्यायाधीशांनी मान्य केलं. ती मुलं दारोदार गेली, 'आम्हीच केलं' म्हणाली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांनी भरपाई केली. विचार करा, यात कठीण काय आहे? तुरुंगात बसणं, की ज्या बाईच्या घराची काच फोडली तिच्या डोळ्यांत बघून बोलणं?

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य संपल्यावर बिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. १९९६ पासून त्याच्यापुढे आयांनी, बायकांनी येऊन आपल्या माणसांचं काय झालं ते सगळ्या देशासमोर सांगितलं. त्या आयोगावर तिथे टीकाही झाली. नुसतं सत्य सांगून गुन्हेगार सुटले, असं कित्येक घरांना वाटलं. तो धडाही आपण लक्षात ठेवायचा. सलोखा म्हणजे माफीची जबरदस्ती नव्हे.

आपल्याकडेही माणूस बदलू शकतो यावर भरवसा ठेवणारे झाले. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भावे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं धुळ्याच्या तुरुंगात तयार झालं. हेच विनोबा १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात पायी गेले, तेव्हा कित्येक डाकूंनी येऊन त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. खटले मात्र त्यांना चुकले नाहीत. माणूस मनाने बदलतो आणि कायद्यालाही सामोरा जातो, या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात.

बसायचं कसं

आता कामाचं. गोल बैठक म्हणजे नुसतं गोल बसणं नव्हे. तिचे काही नियम आहेत.

पहिला, कोणालाही बळजबरीने आणायचं नाही. ज्याला सोसावं लागलं त्याची मर्जी सगळ्यात आधी. तो नाही म्हणाला तर बैठक नाही.

दुसरा, ज्याने नुकसान केलं त्याला 'हे माझ्या हातून झालं' एवढं तरी मान्य हवं. 'मी तिथे नव्हतोच' म्हणणाऱ्याला गोलात बसवून उपयोग नाही. खरं-खोटं ठरवायला कोर्ट आहे, गोल नाही.

तिसरा, सगळे एकाच उंचीवर. कोणाला खुर्ची आणि कोणाला सतरंजी, असं चालत नाही. सरपंच असो, नगरसेवक असो, हाजीसाहेब असोत की महाराज, बसायचं तर सगळ्यांबरोबर खाली.

चौथा, हातात एक वस्तू फिरवायची. ती ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीचे ऐकणार. बोलायचं नसेल तर वस्तू पुढे द्यायची, त्याचं कारण कोणी विचारायचं नाही. हा नियम बायांच्या फार कामाचा आहे. आपल्याकडच्या बैठकांत चार मोठ्या आवाजाची माणसं बोलतात आणि सुना डोक्यावरचा पदर सावरत मागे भिंतीला टेकून बसतात. वस्तू हातात आली की सगळ्यांत मागच्या सुनेचीही पाळी येते, आणि मधेच बोलणाऱ्याला 'थांबा, तांब्या तिच्याकडे आहे' एवढं म्हणता येतं.

पाचवा, गोल चालवणारी व्यक्ती न्यायाधीश नसते. तिने निकाल द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. प्रश्न तीनच. काय झालं आणि तेव्हा तुमच्या मनात काय आलं? त्यामुळे कोणाकोणाला काय सोसावं लागलं? आता ते भरून यायला कोणी काय करायचं?

यात 'कोणाची चूक' हा प्रश्न नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो विचारला की माणूस वकील होतो. 'तुला काय सोसावं लागलं' विचारलं की माणूस माणसासारखा बोलतो.

आमचा अनुभव, चुकीसकट

हे आम्ही नुसतं वाचून सांगत नाही. आमच्या माहितीच्या एका वस्तीत आम्ही बसलो आहोत. वस्तीचं नाव सांगणार नाही, कारण माणसं तिथेच राहतात.

उन्हाळ्याचे दिवस. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. एका घराने नळाला थेट मोटर लावली, पुढच्या घरांची धार बारीक झाली. इकडच्या गल्लीतल्या जिजी आणि तिकडच्या गल्लीतल्या भाभी, दोघींची बोलाचाली झाली. एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. दोन्हीकडची पोरं धावून आली. त्या धक्काबुक्कीत एका चाचाची केळीची हातगाडी उलटली आणि केळीच्या फण्या चिखलात गेल्या. कोणीतरी अर्धवट व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'आपल्या बायांवर हात टाकला.' कोणीही कोणाही बाईवर हात टाकला नव्हता. पण तासाभरात तो व्हिडिओ तीन मोहल्ल्यांत फिरला. दोन रात्री पोलिसांची गाडी उभी राहिली.

त्या दोन गल्ल्यांचा मिळून एक बचत गट होता. इकडच्या सात, तिकडच्या पाच. दोन महिने बैठक झाली नाही, कर्जाचा हप्ता थकला. बँकेतून विचारणा आली तेव्हा गटाच्या अध्यक्षताई आमच्याकडे आल्या.

पहिल्या वेळी आम्ही चुकलो. उत्साहाच्या भरात सगळ्यांना एका दुपारी बोलावलं आणि बसवलं. दहा मिनिटांत आवाज चढले. जिजी म्हणाल्या, "माले काय पुसतस? तिले पुसा!" भाभी उठून गेल्या. आम्ही घरी परतलो ते मान खाली घालून.

नंतर कळलं की गोलाआधीचं काम आम्ही केलंच नव्हतं. आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन बसावं लागतं. त्याचं ऐकून घ्यावं लागतं, गोलात काय विचारलं जाईल ते सांगावं लागतं, कोण सोबत असलेलं चालेल ते विचारावं लागतं. आम्ही पुढचे तीन आठवडे तेच केलं. जिजींकडे चहा प्यायलो, भाभींकडे शीरखुर्मा खाल्ला, चाचाच्या ओट्यावर बसलो. व्हिडिओ पाठवणाऱ्या पोराच्या आईशी बोललो. तिला तोवर माहीतच नव्हतं की तो तिच्या लेकाने पाठवला होता.

दुसऱ्या वेळी शाळेच्या पटांगणात बसलो. फिरवायला पाण्याचा तांब्या घेतला, कारण भांडण पाण्याचंच होतं. चाचाच्या हातात तांब्या आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता मालाचे पैसे सांगतील. चाचा म्हणाले, "माल गेला, त्याचं नंतर बघू. दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन त्या गल्लीत गेलो. रोज पोरं 'केळंवाला चाचा' करून मागे लागतात. त्या दिवशी एकही पोर दारातून बाहेर आलं नाही. आयांनी आत ओढून घेतलं. वीस वर्षं मी त्या गल्लीत केळी विकतोय."

खूप वेळ कोणी बोललं नाही. मग तांब्या जिजींकडे आला. त्यांनीही तो काही न बोलता पुढे दिला. पण डोळे पुसले, ते आम्ही पाहिलं.

तो मुलगा, सतरा-अठरा वर्षांचा, म्हणाला, "मी व्हिडिओ पूर्ण बघितलाच नव्हता. आला तसा पुढे टाकला." त्याच्या आईने तिथेच सगळ्यांसमोर त्याला झापायला सुरुवात केली, तेव्हा भाभींनीच तिला थांबवलं. "थांब बहन, लोटा त्याच्याकडे आहे, त्याला बोलू दे." त्या क्षणी आम्हाला वाटलं की आता हे जमेल.

ठरलं ते असं. मालाचे पैसे गाडी उलटवणारी पोरं चार आठवड्यांत देतील. व्हिडिओ पाठवणारा मुलगा ज्या ज्या ग्रुपवर तो गेला, त्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात 'हे खोटं होतं, मी न बघता पाठवलं' असं सांगेल. पाणी आल्यावर पहिला तासभर कोणीही मोटर लावणार नाही. हे सगळं बचत गटाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या आणि महिन्याने पुन्हा बसायची तारीख ठरवली.

सगळं गोड झालं का? नाही. तिसऱ्या आठवड्याचे पैसे उशिरा आले. एका घराने मोटर पुन्हा लावली, मग पुन्हा बोलावं लागलं. जिजी आजही भाभींच्या घरी चहाला जात नाहीत. पण पाणी आलं आणि भाभी घरात नसल्या तर त्यांचा हंडा जिजी नळाखाली लावून ठेवतात. बचत गट पुन्हा सुरू झाला, दोन जणी मात्र परतल्या नाहीत. आम्ही एवढ्यावर समाधान मानतो.

जात पंचायत आणि गोल यांत फरक काय

कोणी विचारेल, हे तर आमच्या जात पंचायतीसारखंच झालं की! नाही. फरक नीट समजून घ्या.

जात पंचायतीत पंच ठरवतात आणि बाकीचे मान खाली घालतात. बायांना तिथे बहुधा बोलू देत नाहीत, त्यांच्याबद्दलच बोलतात. दंड घेतात, वाळीत टाकतात. गोलात पंच नसतो, दंड नसतो आणि कोणाला बाहेर काढत नाहीत. उलट बाहेर पडलेल्याला आत घ्यायचं असतं. वाळीत टाकणं हा तर महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा आहे आणि २०१७ च्या जुलैपासून लागू झाला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या गोलात कोणी 'यांचं हुक्का-पाणी बंद करा' म्हणू लागला तर गोल तिथेच थांबवा.

कुठे गोल बसवायचाच नाही

हा भाग नीट ऐका, कारण चुकीच्या ठिकाणी बसलेला गोल बाईच्या जिवावर बेततो.

नवरा मारतो, सासर पैशासाठी छळतं, मुलीवर अत्याचार झाला, बालविवाह ठरतोय, अशा ठिकाणी गोल नाही. जिच्यावर हात उगारला तिला उगारणाऱ्याच्या समोर बसवून 'समजून घे' म्हणणं हा दुसरा मार आहे. अशा वेळी महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे 'आपसांत मिटवू' म्हणणारा स्वतःच अडचणीत येतो.

जातीवरून अत्याचार झाला तरी आधी पोलीस आणि कायदा. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातल्या वाकडीत, विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. अशा ठिकाणी एक बाजू ताकदवान आणि दुसरी रोजंदारीसाठी तिच्यावरच अवलंबून असते. तिथे बैठक बसवली तर ती दबावाची बैठक होते. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे, तो यासाठीच आहे. खून, जाळपोळ, दंगल यांचे खटलेही गोलात मिटत नाहीत आणि मिटवूही नयेत.

मग अशा मोठ्या घटनांनंतर गोलाला काहीच काम नाही का? आहे. खटला आपल्या वाटेने चालतो, आणि त्याच्या बाजूला ज्यांनी काही केलं नाही पण जे रोज एकमेकांसमोरून जातात, त्यांना बसता येतं. दोन्ही समाजांतल्या आयांना, दुकानदारांना, शिक्षकांना. तिथे कोणी खटला मागे घ्यायचा विषय काढायचा नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकायचं.

वकील परवडत नाही म्हणून गोलात येऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयात विधी सेवेचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. गोल आपल्या मर्जीने बसायचा, नाइलाजाने नाही.

सरकारी चौकटीत हे कुठे बसतं

आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून ती सुरू झाली. गावच्या समितीने बांधाचे, वाटेचे, वाटणीचे, किरकोळ मारामारीचे तंटे गावातच मिटवावेत, ही तिची कल्पना. काही गावांत समितीने चांगलं काम केलं, काही गावांत पुरस्काराची पाटी तेवढी लागली. तुमच्या गावच्या समितीत किती बाया आहेत आणि त्यांतल्या किती बोलतात, हे एकदा बघून या. समिती आहेच, तर तिने खुर्च्या बाजूला ठेवून गोल बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

शहरासाठी भिवंडीचं उदाहरण आहे. १९८४ च्या दंगलीने ते गाव पोळलं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि हद्दीतला पोलीस, नेमाने एकत्र बसायचे. गटाराची, दिव्याची, पाण्याची तक्रार तिथेच बोलली जायची. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. लक्षात घ्या, दंगलीच्या रात्री कामाला आली ती आधीच्या चार वर्षांतली गटाराची बोलणी.

२०२३ मध्ये देशात मध्यस्थीचा कायदा झाला. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, वस्तीच्या शांततेला धक्का लावणाऱ्या भांडणांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती हवी, हीच त्याचीही पहिली अट.

भांडणाआधीचा गोल

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. भांडण होण्याची वाट कशाला बघायची?

राईनपाड्याच्या त्या पाच जणांसारखी कित्येक माणसं दरवर्षी आपल्या गावांतून जातात. डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले, जडीबुटी विकणारे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. गावाबाहेर पालं पडतात. त्या पालांत बायाही असतात, चूल पेटते, लेकरू रडतं. आपण कधी त्यांना विचारलं, 'काय वं माय, कोणतं गाव तुमचं?' एका संध्याकाळी त्या पालांतल्या बायांना बचत गटाच्या बैठकीला बोलवा. चहा घ्या. त्या कुठून येतात, किती दिवस राहतात, त्यांचं लेकरू शाळेत जातं का, एवढंच विचारा. आणि आपलं सांगा. त्या दिवसापासून गावात बारा जणी तरी अशा असतील, ज्या अफवा आली की म्हणू शकतील, 'मी त्यांना ओळखते, त्यांच्या पालात जाऊन आले आहे.'

शाळेतही करता येतं. जळगाव काय, धुळे काय, आपल्या वर्गांत लेवा, मराठा, बौद्ध, मुसलमान, भिल्ल, पावरा, तडवी, सिंधी, गुजर अशी सगळी लेकरं एका बाकावर बसतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास गोल बसवून 'तुझ्या घरी सणाला काय करतात?', 'तुला कोणी कशावरून चिडवलं?' असं विचारलं, तर बाईंना वर्गातली कितीतरी भांडणं आधीच कळतील.

सुरुवातीला मोठा विषय घेऊ नका. 'दंगलीबद्दल बोलू या' म्हणून गोल बोलावला तर कोणी येणार नाही, आले तर तयारीचं भाषण घेऊन येतील. पाणी, रेशन, मुलींची शाळेची वाट, रस्त्यावरचा दिवा, असा दोन्हीकडच्या बायांचा सारखाच असलेला प्रश्न घ्या. पाच-सहा वेळा बसल्यावर अवघड गोष्टी आपोआप निघतात.

ज्या ताईंनी फोन केला होता, त्यांना आम्ही काय सांगितलं, ते सांगून थांबतो. आम्ही म्हटलं, "ताई, केसचा विषय नळावर काढू नका. ते वकिलांना करू द्या. तिचं लेकरू तापाने आजारी होतं ना? मग 'ताप उतरला का गं?' एवढं विचारून बघा. ती बोलली नाही तरी चालेल. तिला विचार करायला दोन-चार दिवस द्या."

पंधरा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. पहिल्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या वेळी पाणी आलं तेव्हा नुसती मान हलवली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "उतरला."

ताई म्हणाल्या, "आता पुढे काय बोलू?"

आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. आधी त्यांच्या, मग तिच्या. गोल बसायला अजून वेळ आहे.

तुमच्या वस्तीत असं काही अडलं असेल तर आम्हाला कळवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल. येतो आता. नमस्कार.